दुपारची ठकठक

फार मागची गोष्ट आहे. किती मागची, असं मध्येच विचारायचं नाही. वर्षं मोजायची असतील त्यानं बाहेर जाऊन मोजावीत. गोष्ट ऐकायची असेल त्यानं गप बसावं. लहानांनी बसावं, मोठ्यांनी तर आधी बसावं.

एक राजा होता. मनाचा चांगला, पण भारी घाईचा. पाटीतला एक आंबा नासका निघाला की सगळी पाटी उकिरड्यावर ओतून मोकळी होणारी माणसं असतात ना, त्यांतला.

एकदा हा राजा घोड्यावरून चालला होता. वाटेत झाडाखाली एक म्हातारा रडत बसला होता. पोटच्या पोरानं त्याला घराबाहेर काढलं होतं. राजानं त्याला उचलून घोड्यावर घेतलं, वाड्यावर आणलं, जेवू घातलं. इथवर झकास केलं. पण दुसऱ्या दिवशी दरबारात बसून राजा म्हणाला, "माझ्या राज्यात म्हाताऱ्यांना कुणी विचारत नाही!"

म्हातारा बघितला एक, आणि बोल लावला सगळ्या राज्याला.

दरबारी माणसांचं काय, राजाची मान जिकडे हलेल तिकडे त्यांची हलते. एक म्हणाला, "काळच वाईट आलाय, महाराज." दुसरा म्हणाला, "हल्लीच्या सुनांचं तर बोलूच नका." राजाचा कारभारी शहाणा माणूस होता, पण त्यानंही मान हलवली.

मग राजानं गावोगाव दवंडी पिटवली. "ऐका हो ऐका! जो कोणी आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसाची सेवा करीत असेल, त्यानं दरबारात यावं. खुद्द महाराज त्याच्या डोक्याला मानाचा मंदील बांधतील हो!"

आता त्या राज्यात माळावर एक गाव होतं. घोंगड्या विणणाऱ्यांचं. घरात माग, दारात लोकर, अंगाला मेंढीचा वास. त्या गावात हैबतीबाबा नावाचा एक म्हातारा राहायचा. ही गोष्ट त्याची.

हैबतीबाबानं उमेदीत अशी घोंगडी विणली होती की तिच्यात पाणी ओतावं आणि थेंब खाली पडू नये. पण ते दिवस गेले. नजर अधू झाली, गुडघे ऐकेनात, दात तर एकजात सोडून गेले. राहिली ती जीभ. बाकी सगळ्यांचं काम आता ती एकटीच करायची. मागावर त्याचा लेक केरबा बसायचा आणि हैबतीबाबा शेजारच्या वाकळेवर बसून त्याला दिवसभर बोल लावायचा. "वीण सैल पडती. हात हाय का फडकं?" डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण मागावर फिरणाऱ्या धोट्याच्या आवाजावरून त्याला कळायचं.

सून होती येसू. हैबतीबाबाला सकाळी उठवायची, हाताला धरून परसात न्यायची, ऊन पाण्यानं आंघोळ घालायची, आमटीत भाकरी चुरून द्यायची. सगळं करायची आणि करताना तोंडानंही कमी नव्हती. हा एक बोलला की ती दोन बोलायची.

त्या गावचा एक रिवाज होता. तिथलं माणूस एक वेळ भाकरीवाचून राहील, पण जेवणावर पानावाचून नाही राहायचं. आणि म्हातारपणी दात गेले म्हणून पान सुटलं, असंही तिथं होऊ द्यायचे नाहीत. घरातलं कुणीतरी धडधाकट माणूस लहानसा लोखंडी खलबत्ता घेऊन बसायचं. पान, सुपारी, कात, चुना, सगळं त्यात घालून कुटायचं. लोण्यासारखं मऊ झालं की त्याची गोळी करून म्हाताऱ्याच्या तोंडात द्यायची. जेवणं आटपून उन्हं जरा कलली की घराघरांतून आवाज यायचा. ठक ठक, ठक ठक. गावाला त्याची इतकी सवय झाली होती की कुणाला तो ऐकूच येत नसे. आपला श्वास आपल्याला कुठं ऐकू येतो?

तर या गावात दवंडीवाला आला, ओरडला, पाणी पिऊन गेला. मागं पारावर बोलणं सुरू झालं.

गुणाजी म्हणून एक तरणा गडी होता, चिमाआजीचा नातू. त्यानं चेष्टा केली. "येसूवैनी, निघायचं का मंदील बांधून घ्यायला?"

"मी?" येसू घागर कमरेवर सावरत म्हणाली. "आरं, सकाळीच मामंजींवर खेकसलेय मी. आंघोळीला चला म्हणलं, तर म्हणतात, काल केली ती कुठं गेली? मला कसला मंदील? तूच जा. आजीला पाठीवर घिऊन फिरतोस की."

"ती काय सेवा हाय व्हय? तिला चालवत न्हाई म्हणून उचलतो. खाली ठिवली की शिव्या देती."

सगळे हसले.

"मग सेवा करणारं असंल तरी कोण?" कुणीतरी विचारलं.

बराच विचार करून गुणाजी म्हणाला, "पलीकडच्या गावात असंल कुणीतरी मोठ्या मनाचं."

आणि पलीकडच्या गावात त्याच वेळी लोक म्हणत होते, माळावरच्या गावात असेल कुणीतरी.

दरबारात मंदिलांची चळत तशीच पडून राहिली. एकही माणूस आला नाही.

"बघितलंत?" राजा कारभाऱ्याला म्हणाला. "एक नाही! तरी तुम्ही स्वतः जा. सुनांना-लेकांना विचारू नका, ते खोटं बोलतील. खुद्द म्हाताऱ्यांना विचारा."

कारभारी गावं हिंडत हिंडत माळावर आला तो नेमका उन्हं कलताना. सगळ्या गावातून ठकठक चालली होती. कारभाऱ्यानं ऐकलं आणि मनाशी म्हणाला, घोंगड्यांचं गाव. घोंगडीला चिंचोक्याची खळ लागते. चिंचोके कुटत असतील. शहाण्या माणसाचं असंच असतं. न विचारता त्याला कळतं.

तो हैबतीबाबाच्या दारात आला. बाबा ओट्यावर बसला होता. आतून येसूचा खलबत्ता वाजत होता.

"ते ठकठक जरा थांबीव गं!" हैबतीबाबा आत ओरडला. "सरकारी माणसं आल्यात. बोलू दे."

ठकठक थांबली.

कारभाऱ्यानं विचारलं, "बाबा, तुम्हाला कोण सांभाळतं?"

आता हा प्रश्न. ज्यानं जन्मभर मागावर बसून घर पोसलं, ज्याच्या घोंगडीला चार बाजारांत मान होता, त्याला एक परका माणूस भर ओट्यावर विचारतो, तुला कोण सांभाळतं? हैबतीबाबाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मला?" तो म्हणाला. "मला कोण सांभाळणार? मी काय तान्हं बाळ हाय पाळण्यातलं? ह्ये समदं घर मी सांभाळतो! मी हितं बसलोय म्हणून माग चालतोय. न्हाईतर कवाच बंद पडला असता."

"म्हणजे तुम्हाला कुणी बघत नाही?"

"कुणाची बिशाद हाय!"

कारभारी पुढं गेला. चिमाआजीला विचारलं, तर ती गुणाजीच्या खांद्याचा आधार घेऊन उभी राहत म्हणाली, "माझी मी खमकी हाय! कुणाच्या हाताचं घेत न्हाई मी." आणि हे बोलताना गुणाजीनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या तिनं घटाघटा प्यायला. तिसऱ्या घरी तेच, चौथ्या घरी तेच. म्हाताऱ्यांचा ताठा असतो तो असतो. तो मोडला तर उरतं काय?

कारभारी परत गेला आणि त्यानं जसं ऐकलं तसं सांगितलं. "महाराज, म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकून आलो. त्यांना बघणारं कुणी नाही."

राजाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग डोकं भडकलं. त्यानं नगराबाहेर मोठी इमारत बांधायला घेतली. नाव ठेवलं विसावा. गाद्या-गिरद्या, दिवे, नोकर, सगळं. आणि हुकूम काढला की येत्या पुनवेला महाराज स्वतः गाड्या घेऊन निघतील आणि ज्यांना बघणारं कुणी नाही अशी सगळी म्हातारी माणसं विसाव्यात आणतील. पहिलं गाव माळावरचं. हुकूम मोडेल त्याला गावाबाहेर काढलं जाईल.

हुकूम गावात आला तेव्हा येसू दळण निवडत होती. सूप बाजूला ठेवून उठली आणि हैबतीबाबासमोर येऊन उभी राहिली.

"मामंजी, तुम्हाला कुणी बघत न्हाई, असं म्हणालात तुम्ही?"

"तसं न्हाई म्हणलो."

"मग कसं म्हणलात?"

हैबतीबाबानं वाकळेचा दोरा ओढला. "त्यानं इचारलं, कोण सांभाळतं. पुरुषानं काय सांगायचं?"

"खरं सांगायचं होतं, आबा," मागावरून केरबा म्हणाला.

"तू गप. तुझी वीण सैल पडली, ती बघ आधी."

येसू त्या दिवशी भांडली नाही. भांडली असती तर हैबतीबाबाला बरं वाटलं असतं. तिनं भाकरी चुरून दिली, हात धुवायला पाणी दिलं, पान कुटून दिलं, आणि सगळं मुक्यानं. हैबतीबाबाला आयुष्यात एवढं कधी लागलं नव्हतं.

गावानं उपाय शोधून बघितले. गुणाजी म्हणाला, राजापुढं जाऊन सांगू, आम्हीच बघतो यांना. पण जाणती माणसं म्हणाली, आता कोण ऐकणार? दवंडी पिटली तेव्हा कुणी गेलो नाही. म्हाताऱ्यांनी तर स्वतःच्या तोंडानं न्हाई म्हणून सांगितलंय. आता बोललो तर राजा म्हणेल, गाड्या आल्या तशी यांना माया आठवली. खरी गोष्ट वेळेवर सांगितली नाही की ती खोट्यासारखी दिसायला लागते.

हैबतीबाबा वाकळेवर बसून होता. वरून पहिल्यासारखाच गुरगुरत होता, पण आतून पार हलला होता. त्या विसाव्यात गादी असेल, दिवा असेल, मान्य. पण तिथल्या माणसाला काय ठाऊक, याला डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजवीकडून बोलावं लागतं? उठवताना आधी उजवा गुडघा दुमडावा लागतो, नाहीतर कंबरेत उसण भरते? आमटी पातळ झाली तर हा जेवत नाही आणि का जेवत नाही ते सांगतही नाही? हे सगळं कुणाला शिकवायचं? आणि ज्या पोरीला हे आपलं आपण कळलं, तिला आपण काय दिलं? कुणाची बिशाद हाय, म्हणून ओरडलो. ती आत खलबत्ता धरून बसली होती, आणि आपण तिला म्हणालो, थांबीव.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं की दुसरंच काहीतरी निघायचं. "दूध करपलंय का गं?" असलं काहीतरी.

पुनवेच्या सकाळी गाड्या आल्या. चांगल्या गुबगुबीत गाद्या घातलेल्या, बैलांच्या गळ्यात घुंगरं. राजा चावडीसमोरच्या लिंबाखाली उतरला. शिपायांनी म्हाताऱ्या माणसांना गाडीत चढवायला हात घातला, तशी चिमाआजी कळवळली. गुणाजीनं शिपायाला बाजूला सारलं, खाली बसला आणि पाठ पुढं केली. आजी सवयीनं पाठीवर आली. त्यानं तिला अलगद गाडीत ठेवलं. केरबानं हैबतीबाबाला आणलं. उजवा गुडघा आधी दुमडला, मग कमरेखाली हात घालून उचललं. दुपारपर्यंत गाड्या भरल्या.

राजा हे बघत होता, पण त्याच्या मनानं आधीच ठरवलेलं होतं, म्हणून त्याला दिसत नव्हतं. तो म्हणाला, "निघायच्या आधी यांना गोडाधोडाचं वाढा. कुणी कधी वाढलं नसेल."

राजाच्या आचाऱ्यांनी लाडू आणले. तुपातले, दगडासारखे घट्ट. त्यावर विडे. केवढे मोठे विडे, त्यांना लवंग टोचलेली, आत आख्खं सुपारीचं खांड. म्हातारी माणसं एका हातात लाडू आणि एका हातात विडा धरून बसून राहिली. कुणी तोंडाला लावेना.

"खा ना," राजा म्हणाला. "रागावलात का माझ्यावर?"

शेवटी हैबतीबाबानंच तोंड उघडलं, आणि चांगलं मोठं उघडून राजाला दाखवलं.

"बघा, महाराज. हाय का आत कुणी?"

तोंडात एकही दात नव्हता. चिमाआजी फिसकन हसली. राजा ओशाळला.

एवढ्यात उन्हं कलली. लिंबाची सावली गाड्यांवर आली.

कुठल्याशा घरातून आवाज आला. ठक ठक. मग दुसऱ्या घरातून. मग पलीकडच्या आळीतून. बघता बघता सगळं गाव वाजायला लागलं. ठक ठक, ठक ठक. पाखरं उडाली, बैलांनी कान टवकारले.

राजाचा चेहरा लाल झाला. "काय ही माणसं! दारात म्हातारे आईबाप गाडीत बसलेत आणि यांचं काम चाललंय! काय कुटतायत?"

"चिंचोके, महाराज," कारभारी म्हणाला. "घोंगडीच्या खळीसाठी. मागं आलो तेव्हाही कुटत होते."

"चिंचोके?"

हा शब्द हैबतीबाबाच्या तोंडून असा सुटला की जवळचा बैल बुजला. घोंगडीच्या कामात कुणी चूक बोललेलं त्याला आजवर सहन झालं नव्हतं, मग तो राजाचा कारभारी का असेना.

"अवो, चिंचोके कुणी खलबत्त्यात कुटतं का? ते भाजून, भिजवून, पाट्यावर वाटतात! सरकार, तुम्ही शहाणी माणसं, तुम्हाला एवढं कळू नये? ह्यो पानाचा खलबत्ता हाय! आमचं पान कुटाय लागलीत ती!"

"तुमचं?" राजानं विचारलं.

"मग कुणाचं? दात हायेत त्यांना कशाला कुटलेलं लागतंय?" हैबतीबाबा आता थांबेना. त्यानं मान वळवून उजवा कान गावाकडं केला. "तो भराभर वाजतोय ना, तो गुणाजी. चिमाचा नातू. त्याला कशाचाच धीर न्हाई. त्यो पलीकडं सावकाश चाललाय, ती पिराजीची लेक. तिचा बाप आंधळा हाय, त्याच्याशी बोलत बोलत कुटायची तिला सवय. आता बाप हितं गाडीत, आन् ती तिथं कुणासंगं बोलत असंल, देवाला ठावं. आन् त्यो..."

त्यानं कान आणखी पुढं केला.

"त्यो दोन ठोके आन् मग जरा गप, दोन ठोके आन् मग गप. ती आमची येसू. तिचं मनगाट दुखतंय. एकदा मागाचा खांब पडला होता, मला वाचवताना तिच्या हातावर आला. तवापासून दोन ठोक्यांनंतर ती हात झटकती. मला दिसत न्हाई, पर ऐकू येतं. रोज ऐकू येतं."

हैबतीबाबा हातातला लाडू चाचपत म्हणाला, "तिला कधी बोललो न्हाई मी."

ठकठक एकेक करून थांबली आणि घराघरांतून माणसं बाहेर आली. सुना आल्या, लेकी आल्या, लेक आले, नातू आले. तळहातावर काहीतरी झाकून धरलेलं. कुणी राजाला मुजरा करायलासुद्धा थांबलं नाही. जो तो आपापल्या माणसाच्या गाडीकडं गेला. येसू चाकावर पाय देऊन वर चढली. तिचे डोळे सुजलेले होते.

"तोंड उघडा, मामंजी."

हैबतीबाबानं उघडलं. तिनं पानाची गोळी त्याच्या जिभेवर ठेवली आणि पदरानं त्याच्या ओठाचा लाल ओघळ पुसला.

राजानं ते पाहिलं. या वेळी दिसलं त्याला.

"बाबा," तो गाडीजवळ येऊन म्हणाला, "माझ्या कारभाऱ्याला तुम्ही सांगितलंत की तुम्हाला कुणी बघत नाही."

हैबतीबाबानं पान गालात सारलं. आता कसला ताठा? बसलाय गाडीत आणि सगळं गाव बघतंय.

"सांगितलं. अन् मला ते खरंच वाटत होतं, महाराज. ह्या पोरीनं मला असं सांभाळलं, असं सांभाळलं, की मला वाटत राहिलं, घर मीच सांभाळतोय."

येसूनं पदर तोंडाशी नेला.

"आणि तू?" राजानं तिला विचारलं. "तू मंदील घ्यायला का नाही आलीस?"

"कशापायी, महाराज? पान कुटलं म्हणून? मग चूल पेटवली म्हणून बी मंदील बांधाल. आन् मी एकलीनं कसा घ्यायचा? समद्याच घरात कुटतात."

"सगळ्याच घरांत?"

"आमच्या माहेरी बी कुटतात. दुसरीकडचं मला न्हाई ठावं."

तेव्हा पुढच्या गाडीचा गाडीवान भीत भीत म्हणाला, "आमच्याकडं बी, महाराज. आता आमची बायकू आईला पान देत असंल. ह्या वक्ताला." एक शिपाई म्हणाला, "मी आज भावाला सांगून आलोय, तात्याला तू भरव म्हणून." दुसरा शिपाई म्हणाला, त्याच्या सासूला मऊ भात लागतो, पोरगा नाही तिला, म्हणून ती त्याच्याकडंच असते. आचारी बोलला, घोडेवाला बोलला. म्हाताऱ्यांना न्यायला आलेल्यांपैकी ज्याच्या त्याच्या घरी कुणीतरी म्हातारं माणूस होतंच.

राजानं कारभाऱ्याकडं पाहिलं. कारभारी खाली बघत होता.

"तुमच्याही घरी?"

"वडील आहेत, महाराज. अंथरुणाला खिळलेत. त्यांना आंघोळ घालून, कपडे बदलूनच मी दरबारात येतो."

"रोज?"

"रोज."

"आणि मी म्हणालो, राज्यात कुणी विचारत नाही, तेव्हा तुम्ही मान हलवलीत! तेव्हा का नाही बोललात?"

कारभारी म्हणाला, "त्यात बोलण्यासारखं काय होतं, महाराज?"

राजा गाडीवानांकडं वळून म्हणाला, "गाड्या रिकाम्या करा. ज्याचं माणूस त्यानं घरी न्यावं."

मग गावानं आपली माणसं उतरवून घेतली. गुणाजीनं पाठ पुढं केली. आजी म्हणाली, "हळू रं मेल्या, लाडू सांडंल." लाडू तिनं सोडला नव्हता. घरी जाऊन दुधात भिजवून खाल्ला म्हणतात.

राजा वाड्यावर परतला तो सरळ आईच्या महालात गेला. राजमातेला दासी पुष्कळ होत्या, काही कमी नव्हतं.

"आईसाहेब, तुम्ही पान का सोडलंत? मी समजत होतो, व्रत असेल."

राजमाता हसली. तिचंही तोंड हैबतीबाबासारखंच रिकामं होतं. "व्रत कसलं रे? दातांनी सोडलं, मग पानानं सोडलं. दासींना सांगून बघितलं होतं एकदा. त्या विचारतात, किती बारीक, किती सुपारी, कात केवढा? दर वेळी कोण सांगत बसणार? म्हटलं, राहू दे."

राजानं खलबत्ता मागवला. जमिनीवर मांडी घालून बसला आणि कुटायला लागला. सुपारी उडून दिव्यावर पडली, चुना बोटांना लागला, बत्ता एकदा अंगठ्यावर बसला. शेवटी कशीबशी गोळी झाली. आईनं ती तोंडात घेतली, घोळवली.

"जाडं राहिलं," ती म्हणाली. पण थुंकली नाही. दुसऱ्या दिवशी राजानं बारीक कुटलं.

विसावा पाडला नाही. तिथं ज्यांना खरंच कुणी नव्हतं ती माणसं राहिली. झाडाखाली रडणारा तो म्हातारा तिथंच राहिला, सुखानं राहिला. अशी माणसं होती, नव्हती असं नाही. पण थोडी होती. आणि राजानं एक हुकूम काढला, तो मात्र विचार करून काढला. ज्या घरात थकलेलं माणूस असेल त्या घरातल्या एका माणसाला सरकारी वेठ माफ. घरात कुटायला कुणीतरी राहिलं पाहिजे. मंदील कुणालाच बांधला नाही. एवढ्या डोक्यांना पुरायचं कापड कुठल्या राजाच्या कोठारात असतं? पण रोज उन्हं कलली की राजा गच्चीवर उभा राहायचा. खालच्या नगरातून ठकठक यायची. आधीही येत होतीच. आता राजाला ऐकू यायला लागली, आणि परदेशचा कुणी पाहुणा आला की राजा त्याला हिरे-माणकं दाखवायच्या आधी गच्चीवर नेऊन ते ऐकवायचा. छाती पुढं काढून म्हणायचा, "ऐका. हे माझं राज्य."

आणि हैबतीबाबा? तो काही बदलला नाही. वाकळेवर बसून केरबाच्या विणीला नावं ठेवणं चालूच. येसूचं दोनाला चार बोलणंही परत सुरू झालं, आणि घर पहिल्यासारखं गाजायला लागलं.

फक्त एका दुपारी, दोन ठोके पडून मधे जरा गप झालं, तेव्हा त्यानं हात पुढं केला.

"आन हिकडं त्यो बत्ता. हात माझे कापत्यात, पर ठोका बसतोय अजून."

"बारीक व्हायचं न्हाई तुमच्यानं, मामंजी."

"जाडं खाईन," हैबतीबाबा म्हणाला. "तू हात शेकून घे."

लहानांनो, मोठ्यांनो, ध्यानात ठेवायचं ते एवढंच: म्हातारपण सांभाळणारे हात घरोघरी आहेत, ते मिरवत नाहीत म्हणून ते नाहीतच असं म्हणू नका, आणि ते दुखतात हे विसरू नका.